ऑटोहॉटकीवरून एस्पान्सोकडे: कायदेविषयक मराठी भाषांतराच्या टेबलावरून

मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि खालच्या न्यायालयांतील बराचसा अभिलेख मराठीत असतो, त्यामुळे फोर्ट परिसरात भाषांतराच्या कामाला कधी खंड पडत नाही. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, मिळकत पत्रिका, सोसायट्यांचे ठराव, पंचनामे अशा कागदांची मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत ये-जा करून देणे हा आमच्या छोट्या कार्यालयाचा व्यवसाय आहे. या कागदांतील निम्मी वाक्ये ठरावीक असतात. 'सदरहू मिळकतीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे आहेत' किंवा 'वर नमूद केलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे' ही वाक्ये दररोज अक्षर अक्षर टाइप करणे म्हणजे बोटांचा आणि वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. म्हणून दोन-तीन अक्षरांचा संक्षेप टाइप करताच पूर्ण वाक्य उमटवणारा मॅक्रो प्रोग्राम आमच्यासाठी कळफलकाइतकाच आवश्यक आहे. हे काम आमच्याकडे अनेक वर्षे ऑटोहॉटकी करत असे आणि आता ते एस्पान्सो करतो. हा बदल मराठीत टाइप करणाऱ्याला कुठे सोयीचा ठरतो आणि कुठे अडचणीचा, ते येथे सविस्तर मांडते, कारण या दोन्ही प्रोग्रामांविषयी उपलब्ध असलेली जवळजवळ सर्व माहिती रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे.

ऑटोहॉटकी हा केवळ विंडोजवर चालणारा मुक्त प्रोग्राम ख्रिस मॅलेट यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. संक्षेपांचा विस्तार करणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक आहे. खिडक्या हलवणे, माउसचे क्लिक करवून घेणे, कोणत्याही कळीला दुसरे काम नेमून देणे, निवडलेल्या मजकुरावर प्रक्रिया करणे हे सारे त्यात होते, कारण ती मुळात एक संपूर्ण आज्ञावली-भाषा आहे. त्याची ताकद त्यातच आहे, आणि आमच्यासारख्या कार्यालयाची अडचणही तिथेच सुरू होते. साधा संक्षेप एका ओळीत लिहिता येतो, तेवढ्याबाबत तक्रारीला जागा नाही. परंतु त्यात तारीख, पक्षकाराचे नाव किंवा रक्कम विचारून घ्यायची म्हटली की प्रोग्रामिंग करावे लागते, आणि अशी फाइल हळूहळू ज्याने लिहिली त्यालाच समजेल अशी होऊन बसते. कार्यालयातील इतर जण ती वापरतात, पण तिला हात लावायला धजत नाहीत.

बदलाचा विचार पक्का होण्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण तांत्रिक आहे. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, तिची लेखनपद्धती पहिल्या आवृत्तीशी जुळत नाही, आणि पहिल्या आवृत्तीचा विकास त्यानंतर थांबवण्यात आला. साधे संक्षेप जसेच्या तसे चालतात, पण प्रक्रिया असलेला प्रत्येक भाग नव्याने लिहावा लागतो. सगळे नव्याने लिहायचेच असेल, तर ते कशात लिहावे हा प्रश्न आपोआपच पुढे येतो.

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, १८६० च्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३, फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आणि भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुन्या दंड संहितेचीच कलमे लागतात, म्हणजे खुनाच्या एका प्रकरणात कलम ३०२ येते आणि दुसऱ्यात कलम १०३. कार्यालयाला जुने आणि नवे असे दोन्ही संच हाताशी ठेवणे भाग पडले आणि फौजदारी कागदांशी संबंधित शेकडो ओळी तपासून वेगळ्या कराव्या लागल्या. हे काम ज्या व्यक्तीला कायदा कळतो तिनेच करायला हवे, संगणक ज्याला कळतो त्याने नव्हे. म्हणून संक्षेपांची फाइल कायद्याच्या जाणकाराला थेट वाचता येणे ही आमची पहिली अट झाली.

एस्पान्सो ही अट पूर्ण करतो. फेदेरिको तेर्झी या इटालियन विकसकाने २०१९ साली तो प्रसिद्ध केला. तो रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. तोही मुक्त आणि विनामूल्य आहे. त्याचे सर्व संक्षेप यामल पद्धतीच्या साध्या मजकूर-फाइलींत राहतात: एका ओळीत संक्षेप, पुढच्या ओळीत त्याचा विस्तार. एका विशिष्ट फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत्येक फाइल तो स्वतःहून वाचतो. त्यामुळे आम्ही फौजदारी, भाडेकरार, सोसायटी आणि पत्रव्यवहार अशा वेगळ्या फाइली केल्या, आणि ज्याचा जो विषय त्याच्याकडे ती फाइल सोपवली. फाइल जतन केली की बदल लगेच लागू होतो, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. आमचे एक सहकारी लिनक्स वापरतात. तेही त्याच फाइली वापरतात, जे ऑटोहॉटकीच्या बाबतीत शक्यच नव्हते.

देवनागरीच्या दृष्टीने पहिला मोठा दिलासा फाइलीच्या कूटलेखनाचा, म्हणजे अक्षरे फाइलीत कोणत्या संकेतांनी साठवली जातात त्याचा, आहे. विंडोजमधील नोटपॅड २०१९ पासून फाइली यूटीएफ-८ या युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांच्या) पद्धतीने, परंतु फाइलीच्या सुरुवातीला ती पद्धत सांगणाऱ्या ओळखचिन्हाशिवाय जतन करतो. ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीला ते ओळखचिन्ह लागते. ते नसेल, तर ती फाइल जुन्या युरोपीय संकेतांनुसार वाचते आणि 'सदरहू' च्या जागी टिंबे-मात्रा लावलेल्या परकीय अक्षरांची रांग उमटते. म्हणजे कोणीही नोटपॅडमध्ये फाइल नव्याने करून जतन केली की मराठी संक्षेप निकामी होण्याचा धोका होता. एस्पान्सो यूटीएफ-८ हेच गृहीत धरतो, त्यामुळे हा प्रश्न मुळातच उरत नाही. न्यायाने हेही सांगायला हवे की ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीतही हा दोष दूर झालेला आहे.

यापुढचा भाग इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, वापरणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्या मते या परीक्षणातील सर्वांत उपयोगी मजकूर हाच आहे. एस्पान्सोच्या बहुतेक उदाहरणांत संक्षेपाच्या आधी अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, देण्याची प्रथा आहे, जेणेकरून नेहमीच्या शब्दाचा चुकून विस्तार होऊ नये. इनस्क्रिप्टवर हे चिन्ह सरळ मिळत नाही. रोमन कळफलकावर जिथे ते असते, तिथे इनस्क्रिप्टमध्ये च आणि छ आहेत. पुष्कळ लोक त्याऐवजी विसर्ग टाइप करतात. मुंबईतील कितीतरी कार्यालयांच्या पत्रांवर 'विषय' या शब्दापुढे दोन टिंबांऐवजी विसर्ग चिकटलेला दिसतो, तो यामुळेच. विसर्ग संक्षेपाच्या आधी वापरणे योग्य नाही, कारण तो 'चतुःसीमा' आणि 'दुःख' यांसारख्या खऱ्या शब्दांत येतो.

यावर आम्ही काढलेला तोडगा दंडाचा, म्हणजे '।' या उभ्या रेघेचा आहे. शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की इनस्क्रिप्टमध्ये दंड उमटतो. हिंदीत तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी लागतो, परंतु आधुनिक मराठी गद्यात आपण पूर्णविराम देतो आणि दंड केवळ श्लोक-अभंगांपुरता उरतो. म्हणजे कायद्याचे भाषांतर करणाऱ्या मराठी माणसाच्या कळफलकावर एक संपूर्ण चिन्ह मोकळे पडलेले आहे. दंड, भ, न, स एवढ्या चार चिन्हांनी 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३' उमटते, आणि दंड, फ, प, स यांनी जुनी 'फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३'. भाषा बदलण्यासाठी हात थांबवावा लागत नाही, ही यातील खरी बचत आहे.

दुसरी गोष्ट विस्तार केव्हा होतो याची. ऑटोहॉटकी सामान्यतः संक्षेपानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येण्याची वाट पाहतो, तर एस्पान्सो शेवटचे चिन्ह टाइप होताच विस्तार करतो. रोमन लिपीत हा फरक फारसा जाणवत नाही. देवनागरीत मात्र मात्रा व्यंजनानंतर टाइप होते, म्हणून 'क' हा संक्षेप ठेवला असेल तर 'का' किंवा 'कि' ने सुरू होणारा दुसरा कोणताही संक्षेप कधीच पूर्ण टाइप होऊ शकत नाही: मात्रेपर्यंत बोट पोहोचण्यापूर्वीच 'क' चा विस्तार होऊन जातो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे उजवीकडे शब्द संपल्यावरच विस्तार व्हावा अशी सूचना त्या संक्षेपाला जोडणे, जी एस्पान्सोत एका ओळीने होते. दुसरा, आणि मला अधिक पसंत असलेला, म्हणजे एकही संक्षेप दुसऱ्याची सुरुवात होणार नाही अशी यादी आखून करणे. आम्ही सर्व संक्षेप मात्राविरहित तीन व्यंजनांचे ठेवले आहेत. ते लक्षात ठेवायला सोपे आहेत आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. शिवाय क्ष, त्र, ज्ञ, श्र ही अक्षरे संक्षेपांतून कटाक्षाने वगळली आहेत. इनस्क्रिप्टवर ती एका कळीने येतात, पण प्रत्येकात युनिकोडची तीन चिन्हे असतात, आणि संक्षेप पुसण्यासाठी प्रोग्राम जितक्या वेळा बॅकस्पेस देतो तो हिशेब अशा अक्षरांपाशी बिघडण्याची शक्यता राहते.

चुकून विस्तार झालाच, तर लगेच बॅकस्पेस दाबले की मूळ संक्षेप परत येतो. ही छोटी सोय फार मोलाची आहे.

एस्पान्सोतील फॉर्म हा माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत उत्तम भाग आहे. संक्षेप टाइप केल्यावर एक लहान खिडकी उघडते, तीत नाव, वय, पत्ता, रक्कम भरायची, आणि भरलेला मजकूर परिच्छेदात ठरलेल्या सर्व जागी जाऊन बसतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दोन्ही पक्षांची नावे पुनःपुन्हा येतात, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असल्यामुळे अशा करारांची संख्याही मोठी असते. नाव एकदाच टाइप झाले म्हणजे ते सर्वत्र सारखेच उमटते, आणि 'जोशी' चे एका पानावर ऱ्हस्व व दुसऱ्या पानावर दीर्घ होण्याचा प्रकार टळतो. मराठीची एक रीत येथे आपल्या बाजूने उभी राहते. कायद्याच्या भाषेत नावाला विभक्तीचा प्रत्यय थेट लागत नाही, तो 'यांनी', 'यांना', 'यांच्या' यांना लागतो, आणि नाव जसेच्या तसे राहते. त्यामुळे एकच नाव सर्व वाक्यांत बिनबोभाट बसते.

क्रियापदाचे लिंग मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाही. प्रतिज्ञापत्रात 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की' आणि 'करते की' असे दोन पर्याय लागतात. फॉर्ममध्ये पर्यायांची यादी देता येते, पण एका प्रतिज्ञापत्रात असे शब्द अनेक ठिकाणी येतात आणि प्रत्येक जागी वेगळी निवड करायला लावणे म्हणजे चुकीला आमंत्रण देणे होय. प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र ठेवावा, असा माझा आग्रही सल्ला आहे. फाइल थोडी लांबते, पण नोटरीसमोर उभ्या असलेल्या बाईंच्या प्रतिज्ञापत्रात 'करतो' राहून जात नाही.

आता उणिवा. एस्पान्सोला सेटिंग्जसाठी नीटशी खिडकीच नाही. सगळे काही फाइलीत लिहावे लागते, आणि यामल ही पद्धत मोकळ्या जागांच्या बाबतीत कडक आहे. ओळीच्या सुरुवातीला टॅबची कळ दाबली की ती चूक ठरते, तेथे मोकळ्या जागाच हव्यात. 'येणेप्रमाणे' नंतर दोन टिंबे आणि मोकळी जागा आली, आणि संपूर्ण विस्तार अवतरणचिन्हांत ठेवलेला नसला, तर यामल त्या टिंबांचा अर्थ वेगळाच लावतो. आपल्या कायदेशीर मराठीत ही टिंबे पावलोपावली येतात, तेव्हा प्रत्येक विस्तार अवतरणात ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. चूक झालीच तर ती कोणत्या फाइलीत आहे हे प्रोग्राम सांगतो, त्यामुळे शोधाशोध फार होत नाही, परंतु संगणकाचा सराव नसलेल्या सहकाऱ्याला पहिल्या आठवड्यात कोणीतरी शेजारी बसून दाखवणे आवश्यक आहे.

तारखेबाबत मी समाधानी नाही. आजची तारीख उमटवण्याची सोय आहे, पण अंक इंग्रजी (1, 2, 3) येतात. मराठी दस्तऐवजात देवनागरी अंक हवे असतील तर वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहून ती एस्पान्सोकडून चालवून घ्यावी लागते. ते जमते, पण ज्या साधेपणासाठी आपण येथे आलो त्याला तेवढ्यापुरती बाधा येते.

लांब परिच्छेदांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मजकूर मोठा असेल तर एस्पान्सो तो अक्षरशः टाइप करत नाही. तो क्लिपबोर्डवर ठेवून पेस्ट करतो आणि मग आधीचा क्लिपबोर्ड पूर्ववत करतो. संथ संगणकावर किंवा दूरस्थ जोडणीवर ही अदलाबदल वेळेआधीच झाली, तर परिच्छेदाऐवजी आधी कॉपी केलेला मजकूर पेस्ट होऊ शकतो. पूर्ववत करण्याआधी किती थांबायचे हे सेटिंगमध्ये वाढवता येते, आणि जुन्या संगणकांवर ते आधीच वाढवून ठेवणे शहाणपणाचे आहे. त्याचप्रमाणे एस्पान्सोची शोधपट्टी, म्हणजे संक्षेप शोधण्याची खिडकी, उघडण्यासाठी ठरवलेली आल्ट आणि स्पेसबार ही जोडी विंडोज स्वतः खिडकीच्या मेनूसाठी वापरते, म्हणून तीही बदलून घ्यावी.

ऑटोहॉटकी आम्ही पूर्णपणे सोडलेला नाही, आणि त्याचे कारण मराठीच्या युनिकोडमध्ये आहे. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: काही कळफलक ऱ आणि हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. 'ॲड.' चेही तसेच आहे. त्यातील ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि त्याआधीच्या सवयीने आजही अनेक जण अ वर चंद्र देऊन ते साधतात. वकिलांच्या नावांनी भरलेल्या कागदात 'ॲड.' शोधावे आणि अर्धेच सापडावेत, हे आमच्या व्यवसायात चालत नाही. निवडलेला मजकूर घेऊन त्यातील दोन्ही रूपे एकसारखी करणारी लहानशी आज्ञावली ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीत नव्याने लिहिली, आणि ती एका कळीवर ठेवली आहे. एस्पान्सो आपण टाइप केलेल्या संक्षेपापुरता काम करतो. पक्षकाराकडून आलेल्या, आधीच टाइप झालेल्या मजकुराला तो असा हात घालू शकत नाही. या एका कामात ऑटोहॉटकी निर्विवादपणे श्रेष्ठ आहे. दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवण्यात काही अडचण येत नाही, फक्त ऑटोहॉटकीत जुने संक्षेप ठेवू नयेत, नाहीतर एकाच संक्षेपावर दोघेही धावून येतात.

ज्यांचे सर्व काम वर्डमध्येच होते, त्यांना त्यातील ऑटोकरेक्ट पुरेसे वाटू शकेल. आमचा बराच मजकूर ब्राउझरमधील ईमेलमध्ये आणि संकेतस्थळांच्या रकान्यांत टाइप होतो, आणि ऑटोकरेक्टची यादी तिथवर पोहोचत नाही. ज्या कार्यालयांत अजून श्रीलिपी किंवा सुरेखसारखे जुने फॉन्ट जुन्या संकेतांसह वापरले जातात, त्यांनी आधी युनिकोडकडे वळावे, कारण तिथे पडद्यावर मराठी दिसले तरी फाइलीत रोमन संकेतच असतात आणि येथे सांगितलेले काहीही जसेच्या तसे लागू पडत नाही.

असे प्रोग्राम संगणकावर दाबलेली प्रत्येक कळ पाहत असतात, तेव्हा गोपनीयतेचा प्रश्न वकिलांकडून हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. एस्पान्सोचा सर्व कोड खुला आहे आणि संक्षेप ओळखण्याचे काम आपल्याच संगणकावर होते. मात्र त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे फोल्डर ज्याच्या हाती जाईल त्याला त्या वाचता येतात. आमच्या कार्यालयात म्हणूनच नियम आहे की पक्षकाराचे नाव, आधार क्रमांक, पॅन किंवा मिळकतीचा सर्व्हे क्रमांक कोणत्याही संक्षेपात लिहायचा नाही. असे तपशील फॉर्मच्या खिडकीत त्या त्या वेळी भरायचे, आणि नवा संक्षेप फाइलीत घालण्यापूर्वी दुसऱ्या एका सहकाऱ्याने तो वाचून पाहायचा.